तीन सुपांतला इतिहास

तुमच्या गावचा तलाव कोणी खोदला, सांगता येईल? 'राजाने' असं उत्तर तोंडावर आलं असेल, तर लगेच दुसरा प्रश्न घ्या: राजाच्या हातातलं फावडं कोणी पाहिलं होतं?

हा दुसरा प्रश्न मी लहानपणीच शिकले. माझे वडील चंद्रपूरच्या कोळसा खाणीत कामाला होते आणि सुटीच्या दिवशी पुस्तिका विकायचे. दीक्षाभूमीवरच्या मेळाव्यात ते सतरंजी अंथरून बसायचे, त्यांच्या पाठीशी मी. पातळ पुस्तिका, पिवळी-गुलाबी मुखपृष्ठं, गंजलेल्या पिना. आमच्या घरात अंकलिपी कधी आली नाही. मी 'जागे व्हा' या दोन शब्दांवर वाचायला शिकले. त्यामुळे मला उत्तरं फार लवकर मिळाली. राजवाडा कोणी बांधला? कष्टकऱ्यांनी. नाव कोणाचं लागलं? मालकाचं. ही उत्तरं मला आजही बरोबर वाटतात. पण ती सिद्ध कशी करायची, हे त्या पुस्तिकांत नव्हतं. ते मला माझ्या धंद्याने शिकवलं.

धंदा असा, की मी घरी जाऊन इतिहास शिकवते. ही शिकवणी नव्हे. शिकवणीची मुलं शाळेतून दमून येतात. माझी मुलं शाळेत जातच नाहीत. कुणाच्या आईबापांना शाळा पटत नाही, कुणाच्या तब्येतीला शाळा झेपत नाही, आणि जंगलाच्या आतल्या भागात कधी शाळाच लांब पडते. ही मुलं घरी शिकतात आणि मुक्त शाळेची परीक्षा देतात. थोडं लेखी, आणि एका प्रकल्पावर तोंडी. चंद्रपूर-गडचिरोलीत अशी मुलं मोजकी आहेत, म्हणून मी स्कूटीवर फार हिंडते. रस्त्यात माणसं विचारतात, "काय विकता, बाई?" पिशवीच तशी असते. तिच्यात मापाची दोरी, मेण, चाळणी, सुतळी, ओली माती गुंडाळलेलं फडकं. पुस्तक असतं, पण सगळ्यात खाली.

कारण इतिहास हाताला लागल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, असा माझा अनुभव आहे. गडचिरोलीत एका डॉक्टर जोडप्याचा मुलगा माझ्याकडे होता. 'दिवाळीपर्यंत मुघल संपवा', अशी त्यांची अपेक्षा. मी त्याला रताळ्याचा ठसा कोरून मातीची नाणी पाडायला लावली. नाण्यावर त्याने स्वतःचाच चेहरा काढला. मग कॉलनीतल्या पोरांना ही नाणी देऊन त्याने चिंचा विकत घ्यायला सुरुवात केली. पोरं खूश. चार दिवसांत त्याच्याकडे चिंचांचा ढीग आणि कॉलनीभर त्याची नाणी. मग एका मुलीने विचारलं, "याचं मी काय करू?" दुपारपर्यंत सगळी नाणी त्याच्या दारात परत आली, ओरडाआरडीसह. संध्याकाळी तो मला म्हणाला, "ताई, राजाच्या नाण्याला लोक हसत का नव्हते?" मुघल दिवाळीपर्यंत संपले नाहीत. पण अशा प्रश्नासाठी मी पुढच्या उन्हाळ्यातही स्कूटी काढते.

आज सांगायची आहे ती गोष्ट मात्र चैतालीची.

चैताली पोंभुर्ण्याच्या अलीकडच्या एका गावातली. वडील गोपालभाऊ धानाची शेती करतात, आई सुनंदाबाई घर आणि शेत दोन्ही सांभाळते. चैतालीला सिकलसेल आहे. आमच्या भागात हा आजार घरोघरी ऐकून माहीत असतो, बाहेरच्यांसाठी सांगते: रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग सांधे-हाडं अशी ठणकतात की मोठा माणूस ओरडेल. दमणूक, थंडी, ऊन, पाणी कमी पिणं, काहीही निमित्त पुरतं. गोपालभाऊंनी तिला शहरातल्या वसतिगृहात ठेवून पाहिलं होतं. तिथे पहाटेची थंड पाण्याची अंघोळ आणि पाण्यासाठी रांग. ती वारंवार आजारी पडून घरी यायची. शेवटी सुनंदाबाईने तिची पेटी उचलून आणली आणि सांगितलं, "आता पोरगी माह्याजवळ राह्यते. शिकन तं घरीच शिकन."

गोपालभाऊंना ते मान्य नव्हतं. त्यांनी एक वर्ष दिलं. मुक्त शाळेची आठवी पास झाली तर घरीच शिकेल. नाही झाली तर परत वसतिगृह. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी हे माझ्यासमोर, तिच्यासमोर स्पष्ट सांगितलं. "मॅडम, मी काही पोरीचा दुश्मन नाई. पण घरी बसून शिकते म्हणजे काय करते, मले समजत नाई. कागद पाह्यजे."

चैताली खांबाला टेकून ऐकत होती. ते गेल्यावर मला म्हणाली, "ताई, मले हॉस्टेलात नाई जायचं. तिथी रात्री अंग दुखलं तं कोणाले उठवावं, समजत नाई." एवढं बोलून तिने लगेच विचारलं, "मोहरीचा इतिहास असते काय?"

अशी ती. तिच्या प्रश्नांना धरबंध नव्हता. गोंड राजांचा धडा काढला तर ती विचारणार, राजा जेवायला काय खात होता, आणि ते तुम्हाला कोणी सांगितलं. हे दुसरं वाक्य ती प्रत्येक गोष्टीला जोडायची. मला ते आवडायचं, माझ्यावर आलं नाही तोवर.

परीक्षेसाठी प्रकल्प निवडायचा होता. तिच्या अंगणातून गावची बोडी दिसते. बोडी म्हणजे लहान तलाव. आमच्याकडे धानाच्या शेतीला असे जुने तलाव आणि बोड्या आहेत, गोंड राजांच्या, मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या काळातल्या. मार्च संपत आला होता, पाणी उतरलं होतं, आणि एरवी बुडालेलं तुडूम उघडं पडलं होतं. तुडूम म्हणजे पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, पोटातून पाणी बाहेर काढायची दगडी वाट. तिला एकाखाली एक भोकं, प्रत्येकाला लाकडी गुट्टा, म्हणजे बूच. पाणी जसं उतरेल तसं खालचं भोक उघडायचं. चैतालीने ते याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती काठावर बसून कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे ज्यानं केलं त्याचं डोस्कं तं पाहा. कोन होता तो?"

विषय ठरला. बोडी कोणी खोदली.

मी ताबडतोब उत्तर दिलं. माझी तर तयारीच होती. म्हटलं, "मालगुजाराने हुकूम केला असेल, पण खोदली आपल्या लोकांनी. वेठीला धरून. पोटाला कोंडा मिळत असेल नसेल."

"आपले म्हणजे?"

"आमच्या वस्तीतले. तुमच्यातले गरीब. बाया."

"तुम्हाले कोनी सांगितलं?"

वडिलांच्या सतरंजीवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

त्याच दुपारी तिने सुनंदाबाईची तीन सुपं मागून घेतली आणि ओसरीवर ओळीने मांडली. धानाच्या गावात सूप कमी नसतं. पहिल्या सुपावर तिने खडूने लिहिलं 'पाह्यलं', दुसऱ्यावर 'ऐकलं', तिसऱ्यावर 'अंदाज'. गावात जे कोणी बोडीबद्दल सांगेल ते एका चिठ्ठीवर लिहायचं आणि ज्या सुपात बसेल तिथे टाकायचं. मी असं काही तिला शिकवलं नव्हतं. पाखडताना आई काय करते, एवढंच तिने पाहिलं होतं.

पहिली चिठ्ठी माझी. 'वेठबिगारीने खोदली. सांगणार: ताई.' तिने ती तिसऱ्या सुपात टाकली. मला राग आला. घरी जाऊन मी वडिलांना सांगितलं तर ते माझ्यापेक्षा जास्त चिडले. "अंदाज? आपला आजा वेठीवर मेला, तो अंदाज?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "पोट्टीले म्हणावं, पुरावा शोध म्हणून. आम्ही ओरडत राह्यलो, शोधलं नाई." चिठ्ठी तिसऱ्या सुपातच राहिली. ती खोटी आहे असं मला अजूनही वाटत नाही. तिचा पुरावा अजून कुणी आणलेला नाही, इतकंच.

मग चैताली आणि मी सावली धरून घरोघर फिरलो. मोहफुलं वेचायचे दिवस, माणसं घरी सापडायची ती ऊन चढल्यावर, अंगणात फुलं वाळत घालताना. मालगुजाराच्या घराण्यातल्या एका काकांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि सांगितलं, "आमच्या पणजोबांनी बांधली. एकट्यानं. तेव्हाची माणसंच तशी."

चैतालीने नम्रपणे विचारलं, "काका, तुम्ही पाह्यलं काय?"

"मी कसा पाहीन, बेटा?"

"मंग ऐकलं लिहू?"

काकांनी खुर्ची सरकवली. पण चिठ्ठी 'ऐकलं'मध्येच गेली.

खरी पंचाईत झाली ती झिंगूबाईकडे. शेजारची म्हातारी, कान तिखट, जीभ त्याहून. तिने सांगितलं, "माह्या सासूनं या बोडीची माती वाह्यली. टोपल्यावर टोपलं." चैतालीने चिठ्ठी लिहिली आणि म्हणाली, "ऐकलं."

"ऐकलं? मी काय झूट बोलून राह्यली, वो?"

"झूट नाई, आजी. पण तुम्ही लग्न होऊन आल्या तवा बोडी होतीच ना?"

"होती. पण माह्या सासूच्या टाळूवर केसच नव्हते! चुंबळ ठेवून ठेवून गेले ते. मी रोज तेल लावून देत होती तिच्या डोस्क्याले. हे बी ऐकलं काय?"

चैताली लिहिता लिहिता थांबली. तिने चिठ्ठी मधोमध फाडली. एका तुकड्यावर लिहिलं, 'सासूच्या टाळूवर केस नव्हते.' तो 'पाह्यलं'मध्ये. दुसऱ्यावर, 'बोडीची माती वाहिल्याने गेले.' तो 'ऐकलं'मध्ये. मग विचार करून तिसरा तुकडा केला: 'पाण्याचे हंडे आणि मोळ्या वाहूनही गेले असतील.' तो 'अंदाज'मध्ये.

झिंगूबाईने तिन्ही सुपांकडे पाहिलं. "एका डोस्क्याचे तीन तुकडे केलेस वो तू. बापा!" पण त्यानंतर ती रोज येऊन बसायला लागली. स्वतःच सांगायची, "हे पाह्यलेल्यात टाक. हे ऐकलेलं हाये. आन हे माह्या मनचं हाये, तिसऱ्यात टाक." इतिहासाची पद्धत म्हणून कॉलेजात आम्हाला जे शिकवलं होतं, ते मला त्या ओसरीवर खरं कळलं. एकाच वाक्यात पाहिलेलं, ऐकलेलं आणि मानलेलं असं सगळं मिसळलेलं असतं, आणि सांगणारा खोटारडा नसतो.

सुपं भरली तरी प्रश्न तसाच होता. चैताली म्हणाली, "माणसं सांगून राह्यली ते झालं. आता बोडी काय सांगते ते पाहू." आम्ही अंगणात बोडी करायचं ठरवलं. परातीएवढी.

पहिली केली नुसती माती रचून. पाणी ओतलं आणि पाळ बसली, अंगणभर चिखल. दुसरी काळ्या चिकण मातीची. ती थोडा वेळ टिकली, मग बांबूच्या नळीच्या, म्हणजे आमच्या तुडुमाच्या, कडेने पाणी झिरपू लागलं. तिसऱ्या वेळी चैतालीने पाळीचा एक थर दिला, थोडं पाणी मारलं, आणि शेजारच्या पोरांना तो तुडवायला लावला. मग दुसरा थर, परत तुडवणं. परातीएवढ्या बोडीची पाळ करायला सकाळ गेली. पोरं दमून पळाली, मी तुडवत राहिले. चैतालीने तुडवायचं नाही, असा सुनंदाबाईचा हुकूम होता; ती बाजेवर बसून मला ओरडत होती. "ताई, कोपरा राह्यला. कोपऱ्यातूनच फुटते."

तिसरी बोडी फुटली नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी जागेवर. चैताली तिच्याभोवती फिरत राहिली, मग समोरच्या खऱ्या पाळीकडे बघून म्हणाली, "एवढीशीले एवढे पाय लागले, तं तिले किती लागले असन? आन इतक्या पायांत कोनाचंच नाव नाई?"

मी वाचलेल्या सगळ्या पुस्तिकांत हे वाक्य होतं. पण तिने ते वाचलेलं नव्हतं.

गोपालभाऊ संध्याकाळी शेतावरून आले, चिखल पाहिला आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "आठवीचा अभ्यास काय हा? का सुगरणीचा खोपा?" मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही. "पास होईल ना पण?"

लेखी परीक्षा ती देऊन आली होती, बरी. राहिली होती प्रकल्पाची तोंडी, शेजारच्या तालुक्याच्या गावी. अंगणातली बोडी तिथे नेता येणार नव्हती, म्हणून फोटो काढले आणि सुपं गोणपाटात बांधली. ती माझ्या स्कूटीला मागून लावायची होती.

तोंडीच्या दिवशी सकाळी सुनंदाबाईचा फोन आला. चैतालीला पहाटेपासून वेदना. ग्रामीण रुग्णालयात नेलं आहे.

मी पोचले तेव्हा तिला सलाईन लावलेलं होतं. ओठ पांढरे, गुडघे पोटाशी. गोपालभाऊ पायथ्याशी उभे होते. मला पाहताच त्यांचा बांध फुटला. "तुमच्या चिखलानं झालं हे! ओल्या मातीत बसवली पोरगी. शिकवून राह्यले म्हणे! पुस्तक दिलं असतं हाती तं आज तिथी बसली असती."

आदल्या दुपारी पाळीला तडा गेला म्हणून चैताली उन्हात तो लिंपत बसली होती, हे सुनंदाबाईने मला सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले होते की ऊन आणि पाणी कमी पडणं हे कारण असावं. चिखलाचं सांगता येत नाही. डॉक्टरांचंही 'असावं'च. मला स्वतःलाच शंका खात होती, अजूनही खाते.

तेवढ्यात पलंगावरून बारीक आवाज आला. "बाबा."

"काय वो?"

"चिखलाचं... अंदाजाच्या सुपात जाते."

गोपालभाऊ तिच्याकडे बघत राहिले. त्यांना हसू आलं असं मी म्हणणार नाही. ते वळून बाहेर व्हरांड्यात गेले. थोड्या वेळाने खिडकीतून मला म्हणाले, "मॅडम, चला. गाडी काढा."

"कुठे?"

"सेंटरवर. तिथी गैरहजर मांडून टाकतील."

परीक्षा केंद्रावर पोचलो तेव्हा दुपारची वेळ, तोंडी घेणाऱ्या मॅडम डबा उघडून बसलेल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. केंद्रप्रमुखांनी आमचं ऐकून रजिस्टर पुढे ओढलं. "विद्यार्थी आला नाही म्हणजे गैरहजर. पुढच्या वर्षी बसा."

पुढच्या वर्षी म्हणजे वसतिगृह. मी पेटले. संविधान काढलं, शिक्षणाचा हक्क काढला, दिव्यांगांचा कायदा काढला. हो, सिकलसेल त्या कायद्यात आहे. माझा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जात असावा. केंद्रप्रमुख खुर्चीत मागे रेलले. "भाषण झालं असेल तर..." आणि पेनचं टोपण काढलं. पुस्तिकेवर वाढलेल्या माणसाची ही अडचण असते. बरोबर बोलतो, आणि समोरच्याचं दार बंद होतं.

गोपालभाऊ माझ्यापुढे आले. हात जोडले नाहीत, आवाज चढवला नाही. डबा घेऊन बसलेल्या मॅडमकडे बघून म्हणाले, "मॅडम, नापास झाली तं चालंल जी. नापास लिहा. पण गैरहजर लिहू नका. वर्षभर ते हजर होती."

मॅडमने डबा खाली ठेवला.

"प्रकल्प काय आहे तिचा?"

"बोडी केली अंगणात. खरी. पाणी राह्यते तिच्यात. ते गाडीवर येत नाई, नाई तं आनली असती. तुमीच या."

"अंगणात बोडी?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आणि पाणी राहते?" मग केंद्रप्रमुखांकडे वळल्या. "सर, मुलाच्या घरी जाऊन तोंडी घेऊ नये, असं कुठं लिहिलं आहे काय?"

"लिहिलं नाही, पण तसं कुणी करत नाही."

"उद्यापर्यंत तोंड्या आहेत. उद्या दुपारी माझं काम उरकते. या पोरीचं उद्यावर टाका. पाहून येते मी."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच्या गाडीवर आल्या, तोंडाला स्कार्फ गुंडाळून. चैतालीला घरी आणलेलं होतं. ती बाजेवर, गुडघ्याशी गरम पाण्याची पिशवी. सुपं शेजारी मांडलेली. झिंगूबाई आधीच येऊन बसलेली, जणू परीक्षा तिचीच.

मॅडमने पहिला प्रश्न सरळ गाइडमधला विचारला. "आपल्या भागातले तलाव कोणी बांधले?"

"तुम्ही सांगा ना," चैताली म्हणाली.

"परीक्षा तुझी का माझी?"

"माहीच. पण मले चिठ्ठी लिहायची हाये."

मॅडम हसल्या नाहीत. "मालगुजारांनी बांधले."

"पाह्यलं, का ऐकलं?"

मॅडमने सुपांवरची अक्षरं वाचली. मग म्हणाल्या, "वाचलं. त्याचं सूप कुठं आहे?"

चैताली गोंधळली. हा विचार तिने केला नव्हता. मीही नाही. "ज्यानं लिहिलं त्यानं पाह्यलं होतं काय?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"मंग 'ऐकलं'."

"बरं, टाक."

मग मॅडमने अंगणातल्या बोड्या पाहिल्या. पहिल्या दोन्ही उन्हाने भेगाळलेल्या, तिसरीत पाणी. त्यांनी बादलीतलं पाणी स्वतः ओतून पाहिलं. दुसरी लगेच गळायला लागली. "हिच्यात आणि हिच्यात फरक काय?" चैतालीने बाजेवरूनच सांगितलं: थर, पाणी, तुडवणं. "मॅडम, चप्पल काढून एका थरावर चालून पाहा. मंग समजते." मला वाटलं, संपलं सगळं. पण मॅडमने चप्पल काढली, साडी खोचली आणि शिल्लक मातीच्या ढिगावर पाय दिला. झिंगूबाई मागून ओरडली, "टाच दाबा, मॅडम बाई, टाच! नाचून नाई होत ते!"

शेवटचा प्रश्न मॅडमने उभ्यानेच विचारला, पाय चिखलात. "मग बोडी कोणी खोदली, चैताली?"

"नाव सांगता येत नाई. पण एकट्यानं नाई खोदली, हे पाह्यलेल्यात टाकता येते. आपण पाह्यलंच ना आता."

मॅडमने पाय धुतले, कागदावर काहीतरी लिहिलं, चहा न घेता निघाल्या. फाटकाजवळ गोपालभाऊ उभे होते. त्यांना म्हणाल्या, "भाऊ, हजर आहे."

चैताली पास झाली. इतिहासात बरे गुण, पहिली वगैरे नाही, इंग्रजीत काठावर. गोपालभाऊंनी शब्द पाळला. ती आता घरीच पुढचं शिकते आहे आणि मोहरीचा इतिहास असतो की नाही, याचा पाठपुरावा करते आहे. ते मला एकदा म्हणाले, "तुमचं शिकवनं मले अजूनही पूर्ण समजलं नाई, मॅडम." मी म्हटलं, मलाही नाही.

इथे थांबले असते तर ही गोष्ट गोड झाली असती. पण तिच्या आदल्या वर्षी आलापल्लीची एक मुलगी माझ्याकडे होती. तिलाही तोंडीच्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं. तिच्या केंद्रावर मी असंच भांडले, असेच कायदे सांगितले. तिथे डबा खाली ठेवणारं कुणी नव्हतं. रजिस्टरमध्ये एक शब्द लिहिला गेला. पुढच्या वर्षी घरच्यांनी तिचा अर्ज भरलाच नाही. हुशार होती. सागवानाच्या पानांवर खिळ्याने कोरून तिने जंगलातल्या बैलगाडी-वाटांचा नकाशा केला होता. तो तपासायला कुणी आलं नाही.

या अंकाचे वाचक शिक्षक फार आहेत, हे मला माहीत आहे. तुमच्यातल्या कुणाची ना कुणाची दरवर्षी परीक्षेच्या कामावर नेमणूक होते. एखाद्या दिवशी तुमच्या टेबलापुढे घामाघूम बाप उभा राहील आणि सांगेल, पोरगी दवाखान्यात आहे. माझ्यासारखी कुणी शेजारी ओरडत असेल, तर तिच्याकडे लक्ष देऊ नका. रजिस्टर बाजूला ठेवा, त्या बापाला पोरीचं गाव विचारा, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जा.